सावल्या बंद

येल्दोस यादी घेऊन आला, वहीच्या मागच्या पानावर,
दोन रकाने पाडून : किमान. शिफारस.
शिफारशीचा रकाना त्यानं स्वतःच खोडला होता,
माझा वेळ वाचावा म्हणून.

एकिबास्तुझमध्ये जानेवारी. बाहेर उणे एकतीस.
घसरगाडीवरून ओढत आणलेला त्याचा डबा
मी आईच्या शालीतून सोडवला.
"लगेच चालू करू नकोस. आधी घाम येऊ दे त्याला, मग वाळू दे."
अर्धा तास आम्ही दोघं त्या डब्याकडे बघत बसलो,
घरात नव्यानं आलेल्या मांजराकडे बघावं तसे.

खेळाचं नाव त्यानं सांगितलं नाही, नुसतं "तो" म्हणाला,
वर्गात सगळे तसंच म्हणतात.
त्यात घोडे आहेत. गवताचं पातं न् पातं वेगळं हलतं.
नदीत ढग दिसतात, आणि घोडा उतरला की ढग मोडतात.
एवढ्या सगळ्याला एकशे चाळीस जीबी जागा लागते.

मी मोजायला बसले.
प्रोसेसर सहा वर्षांचा, म्हणजे आमच्या धंद्यात पणजोबा.
रॅम आठ. हवी सोळा.
डिस्कवर मोकळी जागा एकोणीस.
बाकी जागेत बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ,
ज्यात, तो म्हणाला, लोक नुसते जेवतात.
"काढायचे का?"
त्यानं दाराकडे पाहिलं, जणू आई जिन्यातच उभी आहे.
"नको."
मग एका मेलेल्या लॅपटॉपची डिस्क काढून लावली.

ग्राफिक्स कार्डाचं निराळं.
ते वीजकेंद्रामागच्या पत्र्याच्या शेडमधून आलेलं, स्वस्तात,
तीन वर्षं दिवसरात्र कुणाचे तरी न दिसणारे पैसे मोजून,
एक पंखा झिजवून.
तीन वर्षांत त्यानं एकही चित्र काढलं नव्हतं.
त्याच्यावरची धूळ मी जरा हळूच फुंकली.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, ठीक आहे.
पण तेराव्या वर्षी पाय रात्रीतून वाढतात,
आणि अंथरुणं कुठे शिवली जातात, कुणाच्या मापानं,
हे एकिबास्तुझला कोणी विचारत नाही.
आम्ही कोळसा खणतो. वीज पाठवतो.

खणातून रॅमच्या दोन पट्ट्या निघाल्या, एक हिरवी, एक काळी.
पटलं त्यांचं, कुरकुरत.
मग एकेक गोष्ट कमी करत गेलो.
गवत : कमी. आणखी कमी. बंद.
पाण्यातलं प्रतिबिंब : बंद.
घोड्याची आयाळ, वाऱ्यावर उडणारी : बंद.
दूरचं दिसणं : जवळ.
सावल्यांपाशी येल्दोस थांबला.
"घोड्याची तरी?"
"घोड्याचीही नाही."
बटण त्यानं स्वतः दाबलं.

सत्त्याऐंशी अंश. मी खिडकीची वरची झडप उघडली,
उणे एकतीस आत शिरलं,
पंखा खोकला, सावरला.
पंचाहत्तर.
सेकंदाला चोवीस चित्रं. मधूनच एकोणीस.

आणि घोडा चालू लागला,
करड्या सपाट माळावर, जिथे गवत नाही,
पाण्यात काही दिसत नाही,
चार पावलांपलीकडे धुकं,
आणि पोटाखाली त्याची म्हणून काहीच नाही.

येल्दोस बराच वेळ बोलला नाही.
मग बाहीला नाक पुसून म्हणाला,
"झाउरे आपाय, हे तर आपलंच आहे."

मी वर पाहिलं. तळघराच्या खिडकीतून दिसत होता
चिमणीचा धूर, धुरात अर्धी राहिलेली समोरची इमारत,
आणि बर्फावरून जाणारे कुणाचे तरी बूट,
अडखळत,
एकोणिसावर आलेल्या घोड्यासारखे.

पैसे घेतले नाहीत असं नाही. निम्मे घेतले.
उरलेल्यांचे आईनं सुक्या दह्याचे खारट गोळे पाठवले,
दगडासारखे, त्यातला एक अजून माझ्या गालात आहे.

यादी टेबलावरच राहिली.
त्या खोडलेल्या रकान्यात, रेघांच्या खालून,
अजून वाचता येतं :
सावल्या, उच्च.